ज्यांची आता बदली होऊ शकत नाही

निवृत्त गुरुजींना नाही म्हणता येत नाही, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळं पारायणाचा समारोप असो, तालमीच्या गणपतीचं बक्षीस वितरण असो, सेवा सोसायटीची वार्षिक सभा असो की कुणाच्या उत्तरकार्याला दोन शब्द बोलायचे असोत, मधल्या खुर्चीत गुरुजी ठरलेले. त्यांचं अध्यक्षीय भाषण सुरू होईपर्यंत निम्मा मंडप पंगतीला बसलेला असतो, ती गोष्ट वेगळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड, राधानगरी, कागलकडच्या कुठल्याही निवृत्त गुरुजींच्या घरातलं कपाट उघडा, एक कप्पा नुसत्या शालींचा निघेल. माझे वडीलही निवृत्त गुरुजीच. आमच्या घरातल्या बऱ्याच शाली आईनं बाळंतिणींना आणि ऊसतोडीला आलेल्या बायकांना देऊन टाकल्या. त्या सगळ्या समारंभांतून झालेलं तेवढंच एक उपयोगाचं काम, असं माझं मत आहे.

गावाला गुरुजी खुर्चीत हवे असतात आणि सरकारला रिकाम्या जागेवर. दोन्हीकडं ते वाया जातात. त्यांना खरं काम आहे ते शाळा व्यवस्थापन समितीत. कारण शाळा आतून माहीत असलेला आणि तरीही कुणाला भ्यायचं कारण उरलेलं नाही असा माणूस गावात शोधायला गेलं तर तोच सापडतो. त्याची बदली करता येत नाही, त्याची वेतनवाढ रोखता येत नाही. या गोष्टीची किंमत आपल्याला अजून कळलेली नाही, अशी माझी तक्रार आहे.

उदाहरण आमच्या अण्णांचंच घेतो. दुसऱ्याच्या वडिलांविषयी इतकं मोकळेपणानं लिहिता येत नाही. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. उमेदीची वर्षं गगनबावडा आणि शाहूवाडीकडच्या वाड्यांवर गेली, जिथं पावसाळ्यात एसटी बंद पडली की शाळेतच मुक्काम. शेवटची काही वर्षं गावाजवळची शाळा मिळाली आणि ३१ मेला निवृत्त झाले. त्या दिवशी तालुक्यात इतके गुरुजी निवृत्त झाले की फेटा बांधणारा माणूस मिळेना. याला कारण आहे. पूर्वी पोराचं नाव घालायला आलेल्या आईबापाला जन्मतारीख सांगता यायची नाही. मोठा पाऊस झाला त्या सालचा, थोरल्या म्हशीला रेडकू झालं तेव्हाचा, असं काहीतरी सांगायचे. मग मास्तर अंदाजानं साल काढून पुढं १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळं एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला, आणि त्यातले जे सरकारी नोकरीत गेले त्यांची निवृत्ती आदल्या दिवशी.

त्या १ जूनची वसुली आता आमच्या सोप्यावर होते. सकाळी चहाच्या आधीच कुणीतरी हजर. आधारवर एक तारीख, दाखल्यावर दुसरी, पॅनकार्डावर तिसरीच. "गुरुजी, तुमीच घातलं हुतं की नाव माझं. आता बँकवाली ऐकंनात." अण्णा धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसतात, दाखला उजेडाकडं धरतात, जनरल रजिस्टरचा नंबर बघतात आणि कुणाकडं काय अर्ज करायचा ते सांगतात. बहुतेक वेळा अर्ज लिहूनही देतात. डावीकडं समास सोडलेला, विषयाखाली रेघ, 'प्रति, मा. मुख्याध्यापक' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत एकही खाडाखोड नाही. त्याच्यामागं ऊसाच्या नोंदीत गट नंबर चुकलेला माणूस. त्याच्यामागं संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म घेऊन आलेली म्हातारी, जी फॉर्म बाजूला ठेवून आधी सुनेचं गाऱ्हाणं सांगते. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. कडा झडलेल्या पिवळ्या पानावर नाव कुठं, जात कुठं आणि शेरा कुठं असायचा हे नुसतं बघून सांगणारी म्हातारी माणसं तेव्हा सगळ्यांना आठवली.

यात आईचा हिशेब कुणी धरत नाही. येणाऱ्या प्रत्येकाला चहा. गुरुजींची समाजसेवा निम्मी त्यांच्या बायकोच्या जिवावर चाललेली असते, आणि शालीबरोबर तिला साधा खणसुद्धा मिळत नाही. "रिटायर तुमी झालासा, मी कवा व्हायचं?" असं आई एकदा भर माणसांत म्हणाली. सगळे हसले. चहा मात्र आलाच.

हे सगळं लिहायचं कारण असं की गुरुजींचा हा दरारा, किंवा लळा म्हणा, आपोआप तयार झालेला नाही. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दरमहा एक रुपया दंड होता. त्या काळातला एक रुपया. असा कायदा झाला की खेडोपाडी मास्तर लागणार, आणि तो मास्तर गावातच राहणार. लिहितावाचता येणारा, दर महिन्याला रोख पगार मिळणारा आणि कुणाच्या भाऊबंदकीत नसलेला माणूस गावात बहुधा तो एकटाच. पुढं १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, शाळा त्यांच्याकडं गेल्या, मास्तरांची संख्या वाढली, पण गावाशी असलेला हा धागा टिकून राहिला. शाळा आणि गाव यांनी एकमेकांत मिसळावं हा विचार तर आपल्याच जिल्ह्यात वाढला. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक गारगोटीच्या मौनी विद्यापीठातून ग्रामीण शिक्षणाचा प्रयोग करत होते. तेच पुढं देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. शेजारशाळा, शाळासंकुल हे शब्द त्या आयोगाच्या अहवालातून देशभर गेले. गारगोटीच्या एसटी स्टँडवर उभं राहून हे आठवलं की जरा छाती फुगते, आणि आजूबाजूला बघितलं की लगेच खालीही बसते.

कारण तो धागा आता विरलाय. आजचे शिक्षक कोल्हापुरात, गारगोटीत, गडहिंग्लजला राहतात आणि मोटारसायकलवरून येऊन जाऊन करतात. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव कागदावर होतो आणि घरभाडं भत्ता निघतो. यावर शिक्षकांना शिव्या घालायची फॅशन आहे, मी त्यात नाही. ऑनलाइन बदलीत कुठं फेकले जाऊ याचा नेम नाही, बायको दुसऱ्या तालुक्यात नोकरीला, पोरांची शाळा शहरात. माणूस घर बांधणार कुठं? पण याचा परिणाम असा की शाळा सुटल्यावर गावात शिक्षक नसतो. संध्याकाळी पारावर शाळेविषयी काही बोलणं निघालंच, तर त्यातलं खरंखोटं सांगायला तिथं फक्त निवृत्त माणूस असतो.

आणि तोही किती दिवस असेल? गाव ज्याला गुरुजींची फुकट सेवा म्हणतं ती मुळात फुकट नव्हतीच. ती पेन्शनवर चालली होती. महिन्याच्या महिन्याला खात्यावर ठरलेली रक्कम जमा होते, दुखण्याखुपण्याला हात पसरावा लागत नाही, पोरांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, म्हणून सोप्यावर बसून दुसऱ्याचे अर्ज लिहायला जीव होतो. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना ही जुनी पेन्शन नाही. त्यावरून मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, शाळांना कुलपं लागली. त्यानंतर नवे पर्याय आले, सुधारणा झाल्या. त्या वादात कोण बरोबर हे ठरवायला हा लेख नाही. माझा मुद्दा साधा आहे. आज जे गुरुजी सोप्यावर बसलेत ते जुन्या पेन्शनच्या अखेरच्या पिढीतले आहेत. त्यांच्यानंतरचा माणूस निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी क्लास काढेल, विम्याची एजन्सी घेईल किंवा पुण्याला पोराकडं जाईल, आणि त्याला नावं ठेवायचा कुणाला अधिकार असणार नाही. म्हणजे आपल्या हातात ही पिढी आहे तोवर जे काय करायचं ते करायला हवं.

सरकारला गुरुजींची आठवण येते, पण ती वेगळ्या कारणानं. जुलै २०२३ मध्ये निर्णय निघाला. पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून, भरती होईपर्यंत रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक कंत्राटी घ्यायचे, मानधन महिना २०,००० रुपये, वय कमाल ७०. ऐकायला बरं वाटतं. अनुभवी माणूस, पोरांची ओळख, ताबडतोब हजर. पण ज्या जिल्ह्यात डी.एड. करून, टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पास होऊन पोरं बसलीत, तिथं हा निर्णय कुणाच्या पोटावर येतो? मधली कित्येक वर्षं शिक्षकभरती बंद होती. त्या काळात डी.एड. झालेली मुलं आज चाळिशीला टेकलीत. आमच्या भावकीतला एक जण दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ फॅट काढतो. अण्णांकडं विचारणा झाली तेव्हा त्यांनी त्याचं नाव सांगितलं. "ती जागा माझी न्हवं, त्याची हाय," एवढंच बोलले आणि विषय संपवला. त्याला अर्थातच कुणी बोलावलं नाही, कारण निर्णय निवृत्तांसाठी होता.

अण्णांसारखं सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक दीर्घ रजेवर गेला आणि दुसऱ्याला एकट्यालाच पाचही वर्ग हाकावे लागत असतील, तर महिना-दोन महिने जुन्या माणसानं जाऊन उभं राहणं हे पुण्याचंच काम. पण साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेतच असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. ती जागा भरणं हे सरकारचं कर्तव्य. गुरुजींच्या अनुभवाचं कौतुक करत करत तेच कर्तव्य पुढं ढकलायचं, याला माझा विरोध आहे. निवृत्त माणूस स्वस्त पडतो, आंदोलन करत नाही, कायम करा म्हणत नाही, आणि आजारी पडला तर दुसरा निवृत्त मिळतो. सरकारच्या नजरेतून बघितलं तर याहून सोयीचा नोकर कुठला?

आता समितीकडं येतो. त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती सांगितलीय. पंचाहत्तर टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. उरलेल्या जागांत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी, शिक्षकांचा प्रतिनिधी आणि पालकांनी निवडलेला स्थानिक शिक्षणतज्ज्ञ. मुख्याध्यापक सचिव. शाळेच्या कामावर देखरेख, आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष, शाळा विकास आराखडा, ही या समितीची कामं. कागदावर हे इतकं चांगलं आहे की आपल्या गावात ते प्रत्यक्षात येऊ शकतं यावर कुणाचा विश्वासच बसत नाही. प्रत्यक्षात बैठकीचं रजिस्टर घरोघरी फिरतं आणि सातवीतलं एखादं चुणचुणीत पोरगं सह्या गोळा करून आणतं. शिक्षणतज्ज्ञ म्हणून कोण असतं? ज्याचा ट्रॅक्टर शाळेच्या मुरमाला उपयोगी पडला तो, नाहीतर सरपंचांच्या गटातला ज्याला दुसरीकडं कुठं बसवता आलं नाही तो. त्या माणसांविषयी माझ्या मनात काही नाही. पण तिसरीतल्या पोराला धडा वाचायला सांगून त्याचं नेमकं कुठं अडतंय, जोडाक्षराला की काना-मात्रेला, हे त्यांना कळत नाही. निवृत्त गुरुजींना ते दोन ओळींत कळतं.

पण मी गुरुजींना समितीत मागतोय ते वाचन तपासण्यासाठी नाही. ते काम शिक्षक करतात, करू शकतात. मी मागतोय ते बोलण्यासाठी. नोकरीतल्या शिक्षकाला १९६७ चे जिल्हा परिषद सेवेचे वर्तणूक नियम लागू असतात. खात्याच्या धोरणावर जाहीर टीका केली तर नोटीस येते. पालक बोलू शकतात, पण त्यांना आतलं माहीत नसतं. संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांच्या जागा ठरवणं, कशी होते, पटावर एक नाव कमी झालं की शिक्षकाची जागा कशी जाते, यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, भरलेली माहिती पुढं कुठं वापरली जाते, हे ऊस तोडून दमून आलेल्या बापाला कुणी सांगितलेलंच नसतं. गुरुजींनी मात्र ते फॉर्म स्वतः भरलेले असतात. कुठल्या रकान्यात काय दडवता येतं हेही त्यांना माहीत असतं, आणि त्यातलं थोडंफार त्यांनी दडवलेलंही असेल.

एक उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अनेक लहान शाळा मिळून एक मोठी शाळा, करण्याविषयी प्रस्ताव मागवले. आपल्याकडं गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगड इथल्या धनगरवाड्यांच्या आणि डोंगरातल्या वस्त्यांच्या कितीतरी शाळा वीसच्या खालीच असायच्या. कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. हा एक किलोमीटर नकाशावर मोजायचा की पायवाटेनं? जुलैमध्ये ओढ्याला पाणी असताना की मार्चमध्ये? ज्यानं त्या ओढ्यापलीकडं वर्षानुवर्षं पोरांना हाताला धरून पोचवलंय, आणि पाऊस वाढला की तासभर आधी शाळा सोडलीय, तोच माणूस ग्रामसभेत उभा राहून सांगू शकतो की इथं एक किलोमीटर म्हणजे पाच महिने बंद रस्ता आहे. गाडीची सोय करतो म्हणणाऱ्या साहेबांना तो विचारू शकतो की गाडी ओढा कशी ओलांडणार. शाळेवरचा शिक्षक हा प्रश्न मनात विचारतो आणि खिडकीबाहेर बघतो.

उलट दिशेनंही गुरुजींचा उपयोग आहे. पालकांची नेहमीची तक्रार असते की मास्तर तासाला मोबाईलमध्ये डोकं घालून बसतात. कधी ती खरी असते. पण पुष्कळदा मास्तर पोषण आहाराची हजेरी भरत असतात, कुठल्यातरी लिंकवर फोटो चढवत असतात, मतदार यादीच्या कामाला लागलेले असतात. कलम २७ नं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसऱ्या कामाला शिक्षक वापरू नयेत असं म्हटलंय. ते पालकांना समजावून सांगायला आणि 'आमच्या मास्तरला वर्गात राहू द्या' असा ठराव समितीकडून वरती धाडायला शाळा जाणणारा माणूस लागतो. शिक्षकांनी स्वतः सांगितलं की लोक म्हणतात, हे कामचुकार.

याला शिक्षकांचाच विरोध होईल, याची मला कल्पना आहे. एका मुख्याध्यापिका बाईंकडं मी हा विषय काढला तर त्या म्हणाल्या, "केंद्रप्रमुख परवडले, निवृत्त गुरुजी नकोत." केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे, येऊन जातात, गुरुजी जात नाहीत, असा त्याचा अर्थ. त्यांचं खरं आहे. 'आमच्या काळी' हे दोन शब्द घेऊन शाळेत शिरणाऱ्या माणसासारखा ताप नाही. छडी हरवल्याचं दुःख अजून न विसरलेले गुरुजी मीही बघितलेत. म्हणून त्यांनी वर्गात जाऊ नये, पाठ बघू नये, शिक्षकाला पोरांसमोर काही बोलू नये. त्यांनी समितीच्या बैठकीत बसावं, महिन्यातून एकदा, रजिस्टरवर सही बैठकीतच करावी आणि इतरांनाही तिथंच करायला लावावी. एवढं झालं तरी आमच्या निम्म्या शाळांत भूकंप होईल.

दुसरा आक्षेप राजकारणाचा, आणि तो कोल्हापुरात जास्तच खरा. इथं दूध संस्था, पतसंस्था, पाणीपुरवठा संस्था, कारखाना, प्रत्येक ठिकाणी गट असतो आणि निवृत्त गुरुजी कुठल्यातरी गटाचे असतातच. काहींनी तर नोकरीची शेवटची वर्षं संघटनेच्या आणि पतपेढीच्या निवडणुकांतच घालवलेली असतात. विनोबांनी १९६८ साली आचार्यकुलाची कल्पना मांडली, त्यात शिक्षकांनी पक्षांपासून दूर राहून समाजाला वाट दाखवावी अशी अपेक्षा होती. आपल्याकडं एवढी कडक अट लावली तर कुठल्याच गावात एकही माणूस मिळणार नाही. माझी अट हलकी आहे. ज्यांना कुठल्या संस्थेची निवडणूक लढवायची आहे त्यांनी तेवढ्या काळात समितीत बसू नये, बस्स.

तिसरी गोष्ट कुणी तोंडावर बोलत नाही, पण पाठीमागं सगळे बोलतात. गुरुजींची स्वतःची नातवंडं कुठं शिकतात? पिवळ्या बसमधून इंग्रजी माध्यमात जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेची बाजू घेणाऱ्या घराची ही अडचण आमच्याही घरात आहे, आणि माझा मुलगा पुण्यात शिकतो हे उत्तर मलाही पुरेसं वाटत नाही. तरीही एवढं म्हणेन की नातवंडं कुठं शिकवायची हा निर्णय बहुतेक घरांत गुरुजी घेत नाहीत, सून घेते. आणि ती तो विचार करूनच घेते. तिला गावातली शाळा का नको वाटली, हे गुरुजींनी घरात नीट ऐकून घेतलं तर समितीत मांडायला निम्मे मुद्दे तिथंच मिळतील.

इतका वेळ मी गुरुजी, गुरुजी करतोय, आणि बाईंचं नाव काढलेलं नाही. गावही तेच करतं. आमच्या शेजारच्या गावात एक बाई निवृत्त झाल्या. पहिलीला अक्षर शिकवण्यात त्यांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. निवृत्तीनंतर गुरुजी तंटामुक्ती समितीवर गेले, देवस्थान कमिटीवर गेले. बाई गेल्या आधी थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला, मग धाकटीच्या, मग सासूच्या अंथरुणाशी. आता घरी असतात आणि त्यांना आमंत्रण येतं ते हळदीकुंकवाचं. संक्रांतीला त्या प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी गोष्टींची छोटी पुस्तकं वाण म्हणून देतात, ज्याचं बायकांना आधी हसू आलं आणि आता पोरं ती मागून नेतात. कायद्याला समितीत निम्म्या स्त्रिया हव्यात म्हणून दरवेळी ज्या बायकांची नावं नवऱ्यांच्या सांगण्यावरून भरली जातात त्या बैठकीत तोंड उघडत नाहीत. बाई बसल्या तर उघडतील, कारण त्यातल्या निम्म्या त्यांच्याच हाताखालून गेल्यात. आणि पोरींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही, म्हणून सहावी-सातवीच्या मुली महिन्यातले चार दिवस घरी बसतात, हा विषय कुठले गुरुजी इतिवृत्तात लिहून घेणार आहेत?

हे होणार नाही, गाव ऐकणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडची आठवण देतो. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं विधवांचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला आणि पंधरा दिवसांच्या आत राज्य सरकारला सगळ्या गावांना तो कित्ता गिरवायला सांगावं लागलं. शाळा समितीत एक माणूस धड निवडायला त्याच्या शंभराव्या भागाचंही धाडस लागत नाही.

शिक्षणतज्ज्ञ सदस्य निवडायचा अधिकार पालकांचा आहे. समितीची मुदत संपते, जूनमध्ये शाळा उघडली की पालकसभा लागते, आणि तिथं कोण बसणार हे आदल्या रात्री कुणाच्यातरी अंगणात ठरलेलं असतं. म्हणून मे महिन्यातच, लग्नसराईत सगळे गावात असतात तेव्हा, चार पालकांनी एकत्र येऊन गुरुजींच्या नाहीतर बाईंच्या घरी जावं आणि विचारावं. चहा होईल. आधी नको म्हणतील, मग सून काय म्हणते बघतो म्हणतील, मग हो म्हणतील. आणि गावात दोन गटांचे दोन निवृत्त गुरुजी असले आणि त्यावरून जुंपली, तर दोघांनाही नमस्कार करावा आणि तिसऱ्या घरी, बाईंकडं जावं.